दावे घटवायचे तर गाडी सुटण्याआधी

आगाशी-बोळींजच्या बाजूला दोन ट्रकमालक आहेत असे समजा. दोघांच्याही दहाचाकी गाड्या, दोन्हींवर एमएच ४८ ची पाटी. एकाच्या गाडीने दहा वर्षांत कोणाला ओरखडाही काढलेला नाही. दुसऱ्याच्या गाडीखाली दोन माणसे गेली आणि त्यांच्या घरच्यांचे दावे न्यायाधिकरणात पडून आहेत. दोघे एकाच दिवशी थर्ड पार्टी विमा काढायला गेले, तर दोघांना एकच आकडा सांगितला जाईल. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार २० ते ४० टन एकूण वजनाच्या मालवाहू गाडीचा वर्षाचा हप्ता ४३,९५० रुपये, कर वेगळा. विमा नियामकाशी सल्लामसलत करून हा दर केंद्र सरकार ठरवते. गाडीचे वजन किती, एवढेच त्यात विचारले जाते. त्याच अधिसूचनेत विजेवरच्या गाड्यांना १५ टक्के सूट आहे, शाळेच्या बसला आहे, हौशी लोकांच्या जुन्या, ऐतिहासिक मोटारींना तर निम्मी. दहा वर्षे अपघात न करणाऱ्या ट्रकला मात्र काही नाही.

मालवाहतुकीतले विम्याचे दावे कमी कसे करायचे, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तेवढा सरळ नाही. ‘दावे कमी झाले’ म्हणजे नेमके काय झाले? बंपर चेपला, शेठने गॅरेजवाल्याला रोख पैसे दिले आणि दावा केलाच नाही, असेही त्यात येते. दावा केला, पण लायसन्स चुकीचे निघाले म्हणून कंपनीने तो फेटाळला, हेही येते. आणि अपघातच झाला नाही, हेही. पहिल्या दोन प्रकारांवर एजंट, वकील आणि सर्व्हेयर भरपूर बोलतात. तिसऱ्यावर बोलण्यात कोणाचा धंदा नसतो.

आगाशीला मालवाहतूक परकी नाही. लाकडाच्या व्यापाराचे आणि जहाजबांधणीचे बंदर म्हणून सोळाव्या शतकात या गावाचे नाव होते. पुढे केळी आणि सुकेळी यांनी ते टिकवले. वाड्यांमधून बैलगाडीच्या बेताने काढलेल्या त्याच रस्त्यांवर आज बांधकामाचे डंपर, काँक्रीटचे मिक्सर, पाण्याचे टँकर आणि अर्नाळ्याहून निघणारे बर्फाचे-मासळीचे टेम्पो धावतात. विरार फाट्याला गाडी लागली की पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्ग : खानिवडे, मनोर, चारोटी, तलासरी आणि मग गुजरात. वसई पूर्वेला वालीव-सातिवलीचे कारखाने, चिंचोटी-कामणवरून भिवंडीची गोदामे. वसई तालुक्यातल्या ट्रकचा दिवस या दोन रस्त्यांवर जातो, आणि बरेचदा रात्रही.

हप्ता सर्वांना सारखा का, याचे उत्तर इतिहासात आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९३९ चा. त्याखाली तिऱ्हाइताचा, म्हणजेच थर्ड पार्टी, विमा सक्तीचा झाला १९४६ पासून. सध्याचा कायदा १९८८ चा. विमा सक्तीचा, म्हणून दर सरकारच्या हातात, आणि ट्रकवाले संपाला बसू शकतात म्हणून तो फार वाढवता येत नाही. २०१८ च्या जुलैतल्या देशव्यापी चक्का जाममध्ये डिझेलच्या बरोबरीने थर्ड पार्टी हप्त्याचा मुद्दा होताच. २००७ मध्ये गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे, म्हणजे ज्याला मालक ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात त्याचे दर मोकळे झाले. थर्ड पार्टीचे बांधलेलेच राहिले. मग विमा कंपन्या ट्रक दिसला की तोंड फिरवू लागतील ही भीती होती, म्हणून १ एप्रिल २००७ पासून एक सामाईक निधी केला : व्यापारी गाड्यांचा थर्ड पार्टी तोटा सर्व कंपन्यांनी वाटून घ्यायचा. पाच वर्षे तो चालला आणि मोठा तोटा ठेवून २०१२ मध्ये गुंडाळला गेला. तोटा सगळ्यांचा म्हटल्यावर समोरची गाडी नीट आहे का, तिचा चालक कोण, हे पाहण्यात एकट्या कंपनीला काय रस असणार? ती सवय अजून पुरती गेलेली नाही. पॉलिसी मोबाइलवर पाच मिनिटांत निघते. टायर पाहायला कोणी येत नाही.

एका दाव्याचे वजन किती असते, हे मात्र मालकांनी एकदा कागदावर मांडून पाहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी भरपाईचे गणित पक्के करून दिले आहे. महामार्ग ओलांडताना तीस वर्षांचा माणूस गेला. त्याची महिन्याची कमाई २०,००० रुपये, स्वतःचा छोटा धंदा, मागे चार माणसे. वर्षाचे उत्पन्न २,४०,०००. वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून ३,३६,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की राहतात २,५२,०००. या वयाला गुणक १७. म्हणजे ४२,८४,००० रुपये. त्यावर अंत्यविधी वगैरेंची ठरावीक रक्कम आणि दावा दाखल झाल्यापासूनचे व्याज. असा एक मृत्यू झाला की सुमारे ९७ ट्रकांचा वर्षभराचा हप्ता संपला. मृत्यू आणि इजा यांच्या बाबतीत विमा कंपनीच्या जबाबदारीला कायद्यात वरची मर्यादा नाही.

ही रक्कम कंपनी भरणार, मग आपल्याला काय, असे म्हणणारा मालक कागद वाचत नाही. स्वर्ण सिंग प्रकरणात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने घातलेली घडी अशी : लायसन्सचा दोष निघाला तरी मृताच्या घरच्यांना कंपनीने पैसे द्यावेत, आणि मालकाची हयगय सिद्ध झाली तर ते त्याच्याकडून वसूल करावेत. घर विकायची पाळी येते ती या वसुलीत. कोणत्या लायसन्सवर काय चालवता येते यावरचा मोठा घोळ ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठाने मिटवला. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याला साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. छोटा टेम्पो चालवणाऱ्यांना हा मोठा दिलासा आहे. दहाचाकीला तो लागू नाही.

एक गोष्ट वसई-पालघरच्या गावांत सर्रास दुर्लक्षिली जाते. लग्नाला, साखरपुड्याला, जत्रेला टेम्पोच्या हौद्यात माणसे भरून नेतात. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे आशा राणी प्रकरणात २००२ मध्येच ठरले आहे. ओळखीखातर दिलेला टेम्पो उलटला तर भरपाईचा दावा थेट मालकाच्या अंगावर येतो. ज्याने गाडी मागितली तो तोवर मांडवात नाचत असतो.

कागद नीट ठेवावेत, पासिंगची तारीख चुकवू नये, आठ वर्षांपुढच्या गाडीला ते दरवर्षी लागते, हे सगळे खरे. पण त्याने एवढेच ठरते की पैसे कोण भरणार. अपघात टळतो तो दुसरीकडे.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड मालवाहू गाडीने एकामागून एक कित्येक मोटारी चिरडल्या. आधी बातमी आली ब्रेक फेल झाल्याची. पोलिसांच्या तपासात पुढे आले की कात्रज बोगद्यापासूनच्या उतारावर चालकाने इंजिनच बंद केले होते. ट्रकच्या धंद्यात हे कोणाला नवे नाही. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, काही जण चावीच फिरवतात. तेवढेच डिझेल वाचते. एअर ब्रेकची हवा इंजिनवर चालणारा काँप्रेसर भरतो. इंजिन बंद, तर हवा भरणे बंद. प्रत्येक वेळी पाय दाबला की टाकीतली हवा कमी होते. गिअर नसल्यामुळे इंजिनची ओढ नाही, स्टिअरिंग जड झालेले, आणि सगळा भार लायनरवर. लायनर तापून पकड सोडतात. त्याला पंचनाम्यात ‘ब्रेक निकामी’ म्हणतात.

पण चालक इंजिन बंद का करतो? कारण बहुतेक ठिकाणी त्याला फेरीमागे डिझेलचा ठरावीक हिशेब दिलेला असतो. ॲव्हरेज कमी आले तर पैसे कापले जातात, जास्त आले तर वाचलेले त्याचे. महिन्याला दोन-चार हजारांचे डिझेल वाचवायला मालकच त्याला उतारावर न्यूट्रल करायला शिकवत असतो, फक्त तोंडाने सांगत नाही. हा हिशेब बदलणे, घाटाच्या रस्त्याला ॲव्हरेजची अट सैल करणे, यासाठी ना सरकारी अधिसूचना लागते ना यंत्र. दावे कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय बहुधा हाच असेल आणि तो क्वचितच कोणाच्या यादीत दिसतो.

खरेच ब्रेक निकामी होण्याचे प्रकारही आहेतच. ४ जुलै २०२३ ला धुळे जिल्ह्यात पळासनेरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर एक भरलेला कंटेनर ताबा सुटून गाड्यांना ठोकरत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसे गेली. ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. लायनर, हवेच्या पाइपांची गळती, पुढच्या धुऱ्याला लावलेले रिमोल्ड टायर ही सगळी दहा मिनिटांत पाहण्याजोगी कामे आहेत. ती होत नाहीत, कारण गाडी उभी राहिली की भाडे जाते.

झोपेचे गणित याहून अवघड. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा. दिवसाला आठ तास काम, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असे त्यात लिहिलेले होते. युरोपात साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावेच लागते आणि ते टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात नोंदले जाते. अमेरिकेत दिवसाला अकरा तासांपलीकडे स्टिअरिंग धरता येत नाही आणि २०१७ च्या अखेरीपासून त्याची नोंद इलेक्ट्रॉनिक आहे. आपला तो कायदा त्यांच्यापेक्षा मवाळ नव्हता. फक्त तास मोजणारे काही नाही. चालकाला पगार थोडा, फेरीचा भत्ता जास्त. भिवंडीच्या गोदामाबाहेर माल उतरवायला दिवसभर रांग, अवजड वाहनांना शहरात दिवसा बंदी, घोडबंदरला कोंडी. दिवसभर गाडीतच बसून थकलेला माणूस रात्री अकराला मोकळा होतो, आणि सकाळी वापीला पोचायचे असते. त्या चालकाला ‘बेदरकार’ म्हणणे सोपे आहे. गोदामवाल्याने ट्रक किती तास अडकवून ठेवला, याची नोंद मात्र कोणत्याही अपघाताच्या अहवालात येत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगले झाले. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांतल्या केबिन एप्रिल-मेच्या उन्हात भट्टीच राहणार आहेत.

रस्त्याचाही वाटा आहेच. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला, तेव्हा पुलाआधी अरुंद होणाऱ्या रस्त्याकडे देशाचे लक्ष गेले आणि त्या कठड्यापुढे धक्का शोषणारे अडथळे बसले. त्या वाटेने रोज जाणाऱ्या ट्रकवाल्यांना ती जागा आधीपासून माहीत होती. त्यांना कोणी विचारले नव्हते. पुढे या महामार्गावर घोडबंदर ते तलासरीपलीकडे सुमारे १२१ किलोमीटर काँक्रीटीकरण निघाले. खड्डे गेले, पण काम चालू असताना अर्धा रस्ता बंद, वळवलेली वाहतूक आणि तासन्‌तास उभ्या गाड्या हे नवे धोके आले.

उभी गाडी हा तर स्वतंत्र विषय. धाब्यासमोर, पंक्चर काढायला, किंवा क्रेनची वाट पाहत ट्रक कडेला उभा असतो. मागचा दिवा गेलेला, रिफ्लेक्टरवर चिखल. मागून येणारी मोटार थेट हौद्याखाली जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे मेली होती. सेव्हलाइफ फाउंडेशनने राज्य रस्ते विकास महामंडळ आणि पोलिसांबरोबर प्रत्येक अपघाताचा बारकाईने तपास सुरू केला, तेव्हा कडेला थांबलेली वाहने हे मोठे कारण म्हणून पुढे आले. उघडे कठडे झाकणे, गस्त वाढवणे, थांबलेल्या गाड्या तातडीने हलवणे अशा कामांनी २०२० मध्ये हा आकडा ६६ वर आला. ते साल टाळेबंदीचे होते, तेवढी सूट देऊनही घट खरी आहे. अहमदाबाद महामार्गाला असे काम का मिळू नये? २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर गेली. त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. ट्रकमालकाच्या हाती मात्र एक स्वस्त वस्तू आहे : मागे नीट चिकटवलेली परावर्तक पट्टी, आणि दर फेरीला ती पुसणारा क्लीनर.

जादा भाराबद्दल नवे सांगण्यासारखे थोडेच. २०१८ मध्ये सरकारने धुऱ्यांची मर्यादा वाढवली, तीन धुऱ्यांच्या ट्रकला २५ ऐवजी साडेअठ्ठावीस टन मिळाले, आणि भरणाऱ्यांनी लगेच त्याच्याही वर भरायला सुरुवात केली. केंद्रीय कायद्यात दंड २०,००० रुपये आणि पुढच्या प्रत्येक टनाला २,०००. रेती-खडीच्या धंद्यात हा दंड खर्चात धरलेला असतो.

मालाच्या दाव्यांकडे वाहतूकदारांचे लक्ष त्याहून कमी. गाडीला अपघात झालेला नाही, पण जुलैच्या पावसात फाटक्या ताडपत्रीतून पाणी गेले आणि कापडाच्या गाठी भिजल्या. मालधनी आपल्या ट्रान्झिट विम्यातून पैसे घेतो आणि विषय संपला असे वाहतूकदाराला वाटते. काही महिन्यांनी विमा कंपनीची नोटीस येते : आम्ही भरपाई दिली, आता मालधन्याच्या जागी उभे राहून तुमच्याकडून वसूल करणार. जुन्या काळचे हुंडेकरी वाटेतल्या जकातीसकट सगळे एका रकमेत उक्ते घेत आणि माल पोचवायची जबाबदारी अंगावर घेत. आजचा वाहतूकदार बिल्टीच्या पाठीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का मारून मोकळा होतो. २००७ च्या रस्तामार्गे वहन कायद्याने जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित केली आहे, ती मालाची जादा किंमत जाहीर केलेली नसेल तर. आणि मालधन्याला १८० दिवसांत नोटीस द्यावी लागते. म्हणजे बिल्टीवर मालाची किंमत काय लिहिली आहे हे शिक्क्यापेक्षा महत्त्वाचे. माल भरताना आणि उतरवताना सीलचा, ताडपत्रीचा फोटो काढून ठेवला तर निम्मे वाद दारातच मिटतात.

कॅमेरा आणि जीपीएस यांची जाहिरात फार होते. समोरचा कॅमेरा उपयोगी आहे, दुचाकी चुकीच्या बाजूने आली हे न्यायाधिकरणात दाखवता येते. जीपीएसने गाडी कुठे आहे ते कळते. रात्री दोन वाजता ती सलग सहा तास चालली आहे हेही कळते. ते पाहून शेठने फोन करून ‘थांब, झोप’ म्हटले तर उपयोग. फोन येतो तो बहुधा ‘पोचलास का?’ म्हणून.

अपघातानंतरचा पहिला तास दाव्याचा आकडा ठरवतो, आणि नेमका त्याच तासात चालक पळालेला असतो. जमाव मारेल ही भीती खोटी नाही. नव्या न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ ला संहिता आली, ते पोटकलम स्थगित ठेवून. शिक्षेपेक्षा सोपा मार्ग आहे. जमाव असेल तर गाडी सोडून जवळच्या पोलिस ठाण्यात जावे, पण आधी ११२ ला फोन करावा. जखमी वेळेत रुग्णालयात पोचला तर जीव वाचतो, आणि मृत्यूच्या दाव्याचा इजेचा दावा होतो. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. एप्रिल २०२२ पासून पोलिसांना ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यावा लागतो. अहवाल वेळेत गेला तर नंतर घुसवलेले साक्षीदार आणि बदललेल्या गाड्या, म्हणजे बनावट दावे, आपोआप कमी होतात.

फर्स्ट पार्टीत आज थोडे बक्षीस आहे. एकही दावा न केलेल्या वर्षांसाठी सूट २० टक्क्यांपासून चढत ५० पर्यंत जाते, आणि दर मोकळे असल्यामुळे पाच-दहा गाड्यांचा मालक आपल्या नोंदी दाखवून घासाघीसही करू शकतो. थर्ड पार्टीत ते नाही, आणि मोठे दावे तर तिथेच आहेत. प्रत्येक अपघाताची नोंद आता संगणकावर आहे, प्रत्येक पॉलिसी गाडीच्या नंबराशी जोडलेली आहे. अपघात न करणाऱ्याला सूट आणि वारंवार करणाऱ्याला चढा हप्ता, हे करायला माहितीची अडचण उरलेली नाही. थर्ड पार्टी दरांचा मसुदा निघतो तेव्हा रस्ते वाहतूक मंत्रालय सूचना-हरकती मागवते. वाहतूकदारांच्या संघटना दर वेळी ‘हप्ता वाढवू नका’ एवढेच लिहितात. वसई-विरार-पालघरच्या वाहतूकदारांनी पुढच्या मसुद्याच्या वेळी दुसरी मागणी लिहून पाठवावी : हप्ता गाडीच्या वजनाबरोबर तिच्या अपघातांच्या नोंदीवरही ठरवा.